वॉर्ड हॅस्केट काय म्हणाला

पडद्यावर वॉर्ड हॅस्केटनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, तसे सभागृहातल्या बायकांच्या हातांत रुमाल आले. प्रूइट स्प्रिंग्जमध्ये दर मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हे असंच होत असे. गावात जन्मून जगाला ठाऊक झालेला हा एकच माणूस. मूकपटांच्या काळातला घोडेस्वार नायक. त्याला जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती, तरी त्याच्या नावानं शाळेच्या सभागृहात चित्रपट लागे, संगीताच्या बाई पियानो वाजवत, आणि कड्यावरच्या निरोपाचा प्रसंग आला की अख्खं गाव श्वास रोखून बसे. बँकेच्या भिंतीवर याच प्रसंगाचं दोन मजली चित्र रंगवलेलं होतं.

कड्याच्या टोकाशी त्याचा घोडा, बिस्किट, उभा. मागे मावळतीचं आभाळ. समोर गावची तरुण मास्तरीण. तिचा खालचा ओठ थरथरतोय, डोळे काठोकाठ भरलेत. हॅस्केट काहीतरी बोलतो. पडद्यावर अक्षरांची पाटी येते : ‘परत येईन असं वचन देत नाही, पण विसरणार नाही एवढं खरं.’ मग तो हात उचलतो, अगदी हळू, आणि तिच्या केसांपाशी नेतो. नेमक्या त्या क्षणी तिसऱ्या रांगेत हॉयट बीसन मोठ्यानं हसला.

हॉयट बहिरा होता. स्वतःचं हसणं ऐकू येत नसल्यामुळे ते केवढं आहे याचा त्याला कधीच अंदाज नसे. त्याच्या शेजारी बसलेला ऑर्व्हल टीगही तोंड दाबून गदगदत होता आणि ऑर्व्हलची बायको ओपल रुमालात तोंड खुपसून बसली होती, पण ती रडत नव्हती हे तिच्या खांद्यांवरून कुणालाही कळलं असतं. तीन बहिरी माणसं दरवर्षी याच ठिकाणी हसत. गावानं ते मनावर घेणं कधीच सोडून दिलं होतं. बिचाऱ्यांना काय कळतंय, असं म्हणून लोक पुढं बघत.

यंदा मात्र पहिल्या रांगेतून एक बाई मागे वळली. राखाडी केस, जाड चष्मा, पन्नाशी उलटलेली. ती पडद्याकडे पाठ करून त्या तिघांकडे बघत राहिली, प्रसंग संपेपर्यंत. ऑर्व्हलला ते दिसलं आणि त्याचं हसू गळ्यातच विरलं. ती यंदाची प्रमुख पाहुणी होती. मिसेस लुएला कार्स्टन; वॉर्ड हॅस्केटची एकुलती एक मुलगी, कॅलिफोर्नियाहून पहिल्यांदाच बापाच्या गावी आलेली.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्यांना गाठलंच. ऑर्व्हलला तिचे ओठ स्वच्छ दिसले : “तुम्ही का हसलात?”

ऑर्व्हलनं कानाला बोट लावलं, खेदानं मान हलवली, आणि बायकोचा दंड धरून चालू लागला.

“पळपुट्या,” हॉयट वाटेत त्याच्या तोंडासमोर हात नाचवत म्हणाला. या तिघांचं बोलणं हातांनीच चाले, आणि हॉयटचे हात तर बूट शिवून शिवून दांडगे झालेले. तो रस्त्यानं बोलत चालला की समोरून येणारे बाजूला होत. “एरवी माणूस खोलीच्या त्या टोकाला पुटपुटला तरी तुला कळतं. आज बरा बहिरा झालास!”

“मग काय सांगू तिला?”

“काही सांगू नकोस. ते आपलं आहे.”

ओपलनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

ते तिघांचं होतं हे खरं. आणि ते का होतं हे समजायला थोडं मागं जायला हवं.

ऑर्व्हल चार वर्षांचा असताना अंगावर पुरळ उठवणारा ताप आला आणि जाताना त्याचे कान घेऊन गेला. सातव्या वर्षी त्याला दूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत ठेवलं. तिथं हॉयट भेटला, पुढं ओपल भेटली. शाळेत ओठ वाचायचा तास असे. बाई आरशासमोर बसवून ‘पाव’, ‘बाबा’, ‘माप’ असे शब्द हजारदा दाखवत आणि पोरं जांभया देत. खरा तास असे शनिवारी, गावातल्या थिएटरात. तिथं बोलणारं कुणीच नसायचं. ऐकणारी माणसं आणि ही पोरं एकाच बाकावर, एकाच वेळी दचकायची, एकाच वेळी हसायची. पाटी सगळ्यांनाच वाचावी लागे. आणि वॉर्ड हॅस्केट आला की या पोरांना इतरांपेक्षा थोडं जास्तच मिळे, कारण त्याला मिशा नव्हत्या आणि तो तोंड उघडून, नीट बोलत असे. पाटीवर एक लिहिलेलं असायचं आणि त्याच्या ओठांवर भलतंच. पाटी म्हणे, ‘शरण ये, नीच माणसा!’ आणि हॅस्केट म्हणत असे, ‘अर्ल, तुझ्या पँटचं बटण तुटलंय.’ पोरं पोट धरून लोळत. ऐकणाऱ्या लोकांना वाटे, यांना काहीच समजत नाही.

मुलांनी त्याला स्वतःचं नाव दिलं होतं, हातांचं : दोन बोटं कपाळाशी नेऊन टोपीची कड उचलायची आणि मग त्याच बोटांनी हनुवटीला टिचकी मारायची. टोपीवाला, जो बोलतो. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही देशभरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना ही खूण ठाऊक होती. कुठल्याही शहरातल्या बहिऱ्यांच्या क्लबात जाऊन ती केली, की समोरचा खुर्ची ओढून बसे.

मग एकोणीसशे एकोणतीस साली थिएटरात आवाजाची यंत्रं बसली. पाट्या गेल्या. पडद्यावरची माणसं एका जागी उभी राहून नुसतीच तोंड हलवू लागली, कधी पाठमोरी, कधी अंधारात. मुलं अर्ध्यातून उठून बाहेर आली ती परत गेली नाहीत. वॉर्ड हॅस्केट त्याच वर्षी हिवाळ्यात न्यूमोनियानं वारला. बोलपटात त्यानं एक अक्षरही उच्चारलं नाही. हॉयट म्हणे, “तो शेवटपर्यंत आपल्या बाजूनं राहिला.”

ऑर्व्हल शाळेतून बाहेर पडला आणि वर्तमानपत्राच्या छापखान्यात लायनोटाइप यंत्रावर बसला. मजकूर टाइप करायचा आणि छपाईसाठी त्याच्या शिशाच्या ओळी पाडायच्या. यंत्राचा खडखडाट एवढा की ऐकणारी माणसं दोन वर्षांत चिडचिडी होत. ऑर्व्हलला त्याचं काहीच नव्हतं. तळव्यांना यंत्राची थरथर लागली की त्याला बरं वाटे. तो हॅस्केटच्या गावातच नोकरीला आला हा योगायोग. हॉयटनं पाठोपाठ इथंच बुटांचं दुकान टाकलं. अडतीस वर्षं ऑर्व्हल एकाच खुर्चीवर बसत होता. मृत्यू, लग्नं, गुरांच्या किमती, हवामान, जे हातात येई ते तो पाडी. त्याच्या ओळीत चूक सापडली तर संपादक कॅलेंडरवर खूण करून ठेवत, इतकी ती दुर्मीळ गोष्ट.

रविवारी चर्चहून आल्यावर ओपलनं मक्याचा पाव भट्टीत सरकवला आणि भेंडी चिरायला घेतली. त्यांची मुलगी नोरीन जेवायला आली होती. नोरीनला ऐकू येत असे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि त्यावरून हॉयटनं आजवर केलेले विनोद तिला पाठ झाले होते. इतक्यात दारावरचा दिवा लुकलुकला. घंटेऐवजी त्यांच्याकडे दिवा होता.

दारात मिसेस कार्स्टन उभी होती. तिनं नोरीनला काहीतरी विचारलं, आणि नोरीन बापाकडे वळली. “पप्पा, या म्हणतात की संपादकांनी पत्ता दिला. आत घेऊ का?”

“घे ना. आता दारातून हाकलतेस का?” ओपलनंच उत्तर दिलं. हात भेंडीला लावायच्या पिठानं भरलेले होते, त्यामुळे वाक्यातून पीठ उडालं.

बाई बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, “मी भांडायला आले नाही. एवढंच विचारायचंय.” ती ऑर्व्हलकडे तोंड करून बोलत होती, सावकाश. तरी नोरीन हातांनी सांगत होती. “मी रात्रभर विचार केला. तुम्ही तिघंही एकाच क्षणी हसलात. माझे वडील इतके वाईट नट होते का?”

ऑर्व्हलला हे अपेक्षित नव्हतं. ती रागावली असेल, असं तो धरून बसला होता. तिला असं वाटलं असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याचे हात आपोआप उठले.

“नाही, नाही. बाई, तसं नाही. त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही.”

“मग?”

ऑर्व्हलनं ओपलकडे बघितलं. ओपल म्हणाली, “सांग. तिचा बाप आहे. हॉयटचा नव्हे.”

“बाई, त्या प्रसंगात पाटीवर जे आहे ते ते बोलत नाहीत.”

“मग काय बोलतात?”

ऑर्व्हल थोडा घुटमळला. मग त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं, छापखान्यात हातातल्या कागदावरून ओळ पाडावी तसं. “ते म्हणतात : ‘बाई, हलू नका. तुमच्या केसांत गांधीलमाशी बसलीय.’ त्या म्हणतात : ‘काढा ना! काढा लवकर, वॉर्ड, देवासाठी!’ ते म्हणतात : ‘हलू नका म्हटलं ना. हे बघा, झालंच.’ आणि हात वर नेतात.”

नोरीननं हे मोठ्यानं सांगता सांगता तोंडावर हात घेतला. तिलाही हे आज पहिल्यांदाच कळत होतं.

मिसेस कार्स्टन हसली नाही. तिचा चेहरा उतरलेला बघून ऑर्व्हलला वाटलं, सांगायला नको होतं. एवढी वर्षं दाबून ठेवलं ते उगीच नव्हतं.

“गांधीलमाशी,” बाई म्हणाली. “नक्की?”

“अठ्ठेचाळीस वर्षांत निदान साठ वेळा बघितलंय.”

“म्हणजे तिचा ओठ थरथरतो तो...”

“भीतीनं,” ओपल म्हणाली. “बिचारीला रडूच फुटायचं बाकी होतं. आणि तरी जागची हलली नाही. मी तर कड्यावरून उडी टाकली असती.”

बाईनं चष्मा काढून पुसला. मग पुसतच राहिली. “माझी आई,” ती म्हणाली, “हा प्रसंग लागला की उठून जायची. नेहमी. ते हात वर नेतात ना, तेवढा भाग तिनं कधी पुरा बघितला नाही. म्हणायची, असा हात कुणी खोटा उचलत नाही. वडील शपथा घ्यायचे, की तसं काही नव्हतं गं. ती म्हणायची, मग सांग, त्या वेळी तू तिला काय म्हणत होतास? त्यांना आठवायचंच नाही. कसं आठवणार? दिवसाला वीसदा तोंड हलवायचं. वडील गेल्यावरही तिनं तो संशय सोडला नाही. गेल्या जानेवारीत आई गेली.”

नोरीनचे हात हे सांगताना मंद झाले होते. भट्टीतून मक्याच्या पावाचा वास आला तशी ओपल उठली.

“त्यांनी कुणा बहिऱ्याला विचारलं असतं तर?” बाई अचानक म्हणाली आणि मग तिला हसू आलं. ते आधी नाकातून आलं, मग तिला आवरेना. चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी. “चाळीस वर्षं! एका माशीपायी चाळीस वर्षं!” ऑर्व्हललाही हसू फुटलं. नोरीन दोघांकडे बघून हसत होती. ओपल स्वयंपाकघरातून पाव घेऊन आली, काय झालं ते तिला कळलं नाही, पण ती आपली हसली.

जेवणावर बाईनं तळलेली भेंडी तीनदा घेतली. मग म्हणाली, “माझ्या गाडीत प्रोजेक्टर आहे. चार रिळंही आहेत. मला आणखी काही सांगाल?”

ओपलनं दिवाणखान्याच्या भिंतीवर चादर ठोकली, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. नोरीन जाऊन हॉयटला घेऊन आली. दारातच त्याला सगळं कळलं आणि त्यानं ऑर्व्हलकडे असं बघितलं की जणू त्यानं घरातली चांदी विकून टाकली. पण मग बाईनं पुढं होऊन त्याला विचारलं, “तुम्ही माझ्या वडिलांना काही नाव दिलं होतं का? हातांचं?” हॉयटनं एक क्षण तिला निरखलं. मग दोन बोटं कपाळाशी नेली, टोपीची कड उचलली, हनुवटीला टिचकी मारली. बाईनं तशीच खूण करून दाखवली. चुकली. हॉयटनं तिचा हात धरून बोटं सरळ केली. दुसऱ्यांदा जमलं. त्यानंतर हॉयटचा राग कुठं गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“पण गावाला सांगणार नाही ना?” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी सगळेच हसायला लागले तर मजा काय राहिली?”

“मुळीच नाही,” बाई म्हणाली. “गावाला रडू द्या. त्यांना आवडतं.”

ऑर्व्हल चादरीच्या अगदी कडेला स्टुलावर बसला, प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या हातांवर पडेल असा. नोरीन त्याच्या हातांकडे बघून मोठ्यानं बोलू लागली. चादरीवर घोडे धावत होते आणि त्यांच्या कडेला ऑर्व्हलच्या बोटांच्या सावल्या.

“‘बिस्किट, पाय काढ. माझ्या पायावर उभा आहेस, गाढवा.’”

बाई हसली.

“‘आणखी किती वेळ आहे? मला भूक लागलीय.’ हे कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी. आता शिवी आहे. ती सांगू का?”

“सांगा.”

नोरीन म्हणाली, “पप्पा, मी नाही बोलणार हे.” मग हॉयटनं एका कागदावर ती लिहून बाईकडे सरकवली. बाईनं वाचून कागद पर्समध्ये ठेवला.

तिसऱ्या रिळात पत्त्यांचा डाव होता. हॅस्केट आणि दाढीवाला म्हातारा शेरीफ समोरासमोर. पाटी आली : ‘या गावात आपल्यापैकी एकालाच जागा आहे.’ हॅस्केट पत्ते पिसता पिसता शेरीफशी बोलत होता. ऑर्व्हल पुढं वाकला. हा भाग त्यानं लहानपणी बघितला असेल, पण लक्षात राहण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं.

“पुन्हा लावा,” तो म्हणाला.

बाईनं रीळ मागे फिरवलं. पुन्हा पत्ते, पुन्हा ओठ.

“‘काल पहिला दात पडला,’” ऑर्व्हल म्हणाला. “‘लूचा.’ लू किंवा रू. ओठ दोन्हींना सारखेच दिसतात, ते मी खात्रीनं सांगणार नाही. दात मात्र नक्की, ते बोट लावून दाखवतायत बघा. ‘मी म्हटलं, उशीखाली ठेव, परी घेऊन जाईल. तर म्हणते, परीला का देऊ? माझा आहे. आणि एप्रनच्या खिशात टाकला. सकाळपासून खिशावर हात धरून फिरतेय.’ आता तो म्हातारा हसतोय. ‘तुझ्यावर गेलीय,’ म्हणतोय. दाढीमुळे त्याचं नीट दिसत नाही, पण बहुतेक तसंच.”

प्रोजेक्टर चालूच होता. बाईनं तो थांबवला नाही, पण ती चादरीकडे बघतही नव्हती. नोरीननं हळूच विचारलं, “तुम्हीच का?”

“घरात मला लूच म्हणत,” बाई म्हणाली. “निळा एप्रन होता. आईनं तो दात दोन दिवसांनी धुण्याच्या टबात शोधून काढला.” तिनं चष्मा नाकावर नीट केला. “मला त्यांचा आवाज आठवत नाही. मी दहा वर्षांची होते ते गेले तेव्हा. सगळे म्हणतात, आवाज छान होता. मी खूप प्रयत्न करते, पण नाही येत.”

ऑर्व्हल म्हणाला, “त्या बाबतीत माझा उपयोग नाही, बाई.”

“नाही,” ती म्हणाली. “पण ते काय बोलत ते कळलं की मग बाकीचं...” तिनं वाक्य पुरं केलं नाही.

शेवटचं रीळ कड्याचंच होतं. माशी, थरथरता ओठ, वर उचललेला हात. यावेळी पाचही जण हसले, बाई सर्वांत जास्त. मग हॅस्केट बिस्किटवर चढला, आणि घोडा उताराला लागला. गावानं या दृश्याकडे कधी नीट बघितलेलं नव्हतं, कारण तोवर सगळे डोळे पुसण्यात गुंतलेले असत. पाठमोरा स्वार दूर जातोय. त्याचे खांदे जरासे हलतायत, मान एकदा किंचित कलते.

“इथं,” बाई एकदम म्हणाली. “इथं ते काहीतरी बोलतायत. बघा, मान. मला ओळखू येतं ते, बोलताना ते मान अशीच करत. काय म्हणतात?”

ऑर्व्हलनं डोकं हलवलं. “पाठ आहे.”

“पुन्हा लावते.”

पुन्हा लावलं. पुन्हा पाठ, खांदे, मान. तीनदा झालं. हॉयटनं बाईच्या नजरेआड ऑर्व्हलच्या पोटरीला पाय लावला आणि मांडीजवळ हात धरून बारीक हातवारे केले : “सांग काहीतरी, लेका. ‘घरी जातो आता’ म्हण. काय जातंय तुझं?”

खरंच काही जात नव्हतं. ऑर्व्हलला चांगलीशी चार वाक्यं सुचलीही. बाई त्याच्या हातांकडे डोळे लावून बसली होती. तो जे म्हणाला असता ते तिनं आयुष्यभर जपून ठेवलं असतं. आणि कोण शोधून काढणार होतं? त्यानं हात वर उचलले, पुन्हा मांडीवर ठेवले. मग म्हणाला,

“बाई, मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी सांगू शकत नाही. एक खोटी ओळ घातली की मग तो दातही तुम्हाला खरा वाटणार नाही.”

नोरीननं हे सांगितलं. बाई जरा वेळ चादरीकडे बघत राहिली. रीळ संपून पांढरा उजेड फडफडत होता.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “तेवढं त्यांचं त्यांना राहू दे.”

संध्याकाळ व्हायच्या आत तिला शहर गाठायचं होतं. ओपलनं तिला फडक्यात बांधून मक्याचा पाव दिला. हॉयटनं तिच्या बुटाची टाच बघून नाक मुरडलं, बूट काढायला लावला, खिशातल्या हातोडीनं दोन बारीक खिळे ठोकून दिले आणि पैसे विचारल्यावर तिच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की तिनं पर्स मिटली. गाडी सुरू करण्याआधी तिनं खिडकीतून ऑर्व्हलचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ.

ती गेल्यावर नोरीन आणि हॉयट आपापल्या घरी गेले. ऑर्व्हल आणि ओपल पुढच्या पडवीत बसले. समोर रस्ता मोकळा होता, वारा पडला होता. ओपल कडेला ठेवलेल्या भांड्यातल्या शेंगा सोलत होती आणि मधूनमधून नवऱ्याकडे बघत होती.

“तुला सुचलं होतं काहीतरी,” शेवटी ती म्हणाली. “मी बघितलं. हात उचलले होतेस.”

“सुचलं होतं.”

“मग का नाही सांगितलंस? एरवी तू इतका सोवळा नाहीस. मागच्या महिन्यात माझ्या बहिणीला सांगितलंस, तिची टोपी छान आहे म्हणून.”

ऑर्व्हल हसला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्यानं ओपललाही कधी सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

“माझ्या आईचे समोरचे दात नव्हते,” तो म्हणाला. “धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेले. तिला त्याची लाज वाटायची. बोलताना तोंडावर हात धरायची. असा.”

ओपलनं शेंगा बाजूला ठेवल्या.

“शाळेत ओठ वाचायला शिकलो आणि पहिल्या सुट्टीत घरी गेलो. वाटलं, आता आई काय बोलते ते कळेल. तर हात मध्ये. बापाचं कळायचं, भावाचं कळायचं, पाद्रीबाबांचंसुद्धा. तिचं नाही. एकदा मी तिचा हात ओढून खाली घेतला. ती उठून कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली आणि जेवायच्या वेळेपर्यंत आत आली नाही. मग मी परत तसं केलं नाही. माझ्या विसाव्या वर्षी ती गेली. तिचं एक पूर्ण वाक्य मी कधी बघितलं नाही.”

“मग पाटीवर लिहून दाखवायची का?”

“तिला लिहिता येत नव्हतं.” तो म्हणाला. “पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा ती स्टेशनावर आली होती. मी गाडीत, खिडकीशी. ती खाली उभी राहून बोलत होती. बराच वेळ बोलली, तोंडावर हात धरून. गाडी हलली तरी बोलत चालत होती.”

“काय म्हणाली असेल?”

“डबा सांभाळ म्हणाली असेल,” ऑर्व्हल म्हणाला. “डब्यात चार उकडलेली अंडी होती. एक मी शेवटपर्यंत ठेवून दिलं होतं, मग वास यायला लागला.”

ओपल त्याच्याकडे बघत होती. आभाळातला उजेड उतरत चालला होता. रस्त्यापलीकडचं कुंपण दिसेनासं झालं, मग रस्ता. तिनं एप्रनला हात पुसले आणि ते वर उचलले.

“मला वाटतं, ती...” एवढं तिच्या हातांनी म्हटलं आणि पुढचं सगळं अंधारात गेलं.

ऑर्व्हल उठला. चाचपडत दारापाशी गेला, पडवीतला दिवा लावला, आणि आपली खुर्ची ओढून बरोबर तिच्या समोर बसला.